'हेअर'मध्ये नटाचा कस कपडे काढताना लागत नाही

'हेअर'चं नाव काढलं की पहिला प्रश्न कपड्यांचाच येतो. १९६८ पासून हेच चाललंय. जेरोम रॅग्नी आणि जेम्स रॅडो यांनी लिहिलेलं, गॉल्ट मॅकडरमॉटच्या संगीताचं हे हिप्पी म्युझिकल २९ एप्रिल १९६८ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर बिल्टमोर थिएटरात लागलं आणि त्याचे १,७५० प्रयोग झाले. लंडनचा पहिला प्रयोग २७ सप्टेंबरचा. ब्रिटनमधली नाट्यसेन्सॉरशिप त्याच्या आदल्याच दिवशी उठली होती, त्यामुळे तिथेही सगळी चर्चा त्यातल्या नग्न प्रवेशाचीच. नटाच्या हिशेबात मात्र तो प्रवेश अडीच तासांतली वीसेक सेकंदं. पहिल्या अंकाचा शेवट, मंद उजेड, सगळे जवळजवळ निश्चल. कपडे काढायचे की नाही हेसुद्धा ज्याचं त्याने ठरवायचं.

त्यातली अडचण फार रुक्ष आहे. मोठ्या कापडाखाली, अंधारात, गाणं न सोडता डझनभर माणसांनी कपडे उतरवायचे. घट्ट जीन्स तिथे निघतच नाही. म्हणून नाडीची सैल पँट, शर्टाला टिचबटणं, आणि आपला गठ्ठा कुठे सरकवायचा ते प्रत्येकाचं ठरलेलं. नाहीतर ब्लॅकआउट झाल्यावर चार जण एकाच शर्टासाठी चाचपडतात. माइकचा ट्रान्समीटर एरवी कमरेच्या पट्ट्यात असतो. इथे कंबरच उघडी पडणार, म्हणून तो विगखाली बांधतात. विगचा आणखी वैताग असा की कपाळावरच्या घामाने जाळीचा गोंद सुटतो आणि तोच घाम ओघळून माइकच्या तोंडाशी साचला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा येतो. उपाय त्या काळाच्या फॅशननेच दिलाय: मण्यांची रुंद पट्टी. ती जाळीची कड झाकते आणि घामही अडवते. व्हिएतनामच्या युद्धासाठी बोलावणं आलेल्या क्लॉडचा, म्हणजे नायकाचा, विग तर गोंदाने पक्का करूच नये, पिनांवर ठेवावा. शेवटी तो लष्करी गणवेशात, कापलेल्या केसांनी येतो आणि त्या बदलाला फारसा वेळ नसतो.

खरा दम काढते ती 'ट्राइब'. हा कोरस जवळजवळ पूर्ण वेळ प्रेक्षकांसमोर असतो. 'घाशीराम कोतवाल'मधल्या माणसांच्या भिंतीत उभे राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की भिंतीला शिस्त दाखवायची असते आणि ट्राइबला ती लपवायची असते. कोण कधी कुणाच्या मांडीवर डोकं ठेवणार, हेसुद्धा मोजून बसवावं लागतं. 'मोकळं वागा, जे सुचेल ते करा' असं म्हणणारा दिग्दर्शक मिळाला की सगळे एकाच वेळी हालतात आणि प्रेक्षकाला मुख्य पात्र सापडत नाही.

गळा गाण्यांनी बसत नाही, गाण्यांमधल्या आरोळ्यांनी बसतो. गाण्याला श्वासाच्या जागा ठरलेल्या असतात, घोषणा देताना माणूस गळा आवळून ओरडतो. म्हणून घोषणेलाही सूर नेमून द्यावा आणि ट्राइबचे तीन गट करून आळीपाळीने ओरडायला लावावं. त्यात रंगमंचावर उदबत्ती जळत असते, ती घसा आणखी कोरडा करते. विंगेत जायला मिळत नाही, तेव्हा पाण्याची बाटली खांद्यावरच्या झोळीत हवीच.

बी-इनमध्ये, म्हणजे हिप्पींच्या मेळाव्याच्या प्रवेशात, 'हरे कृष्ण'चा गजर आहे. इस्कॉनची स्थापना १९६६ मध्ये न्यूयॉर्कमध्येच झाली, तेव्हा तो मंत्र तिथल्या रस्त्यावरूनच नाटकात आलाय. परदेशातल्या प्रयोगांत आपल्याकडचा नट असला की त्याला गाताना हरकती घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. नाटकातली ती हिप्पी मुलं मंत्र नुकताच शिकलेली आहेत. आणि लय चढते तेव्हा ड्रमवाल्याच्या मागे जायचं, पुढे नाही.

पाय अनवाणी. बसवलेल्या नाचात घसरायचं कारण बहुतेक वेळा एकच: तुटलेली माळ. मणी साध्या दोऱ्यात ओवले की एक धागा तुटल्यावर पन्नास मणी पसरतात. प्रत्येक मण्यानंतर गाठ मारली तर एखाददुसराच सुटतो. कंटाळवाणं काम आहे, पण वाचलेला घोटा स्वस्त पडतो. प्रेक्षकांतून जाताना दुमडत्या खुर्चीच्या बैठकीवर पाय देऊ नये. ती उलटते आणि पाय फटीत अडकतो. लोखंडी सांगाडा बघून पाऊल टाकावं.

दुसऱ्या अंकातल्या क्लॉडच्या नशेच्या प्रवेशात नन्स भिक्खूंना मारतात, अंतराळवीर नन्सना, चिनी लोक अंतराळवीरांना, पुढे मूळ अमेरिकन आणि शेवटी सैनिक. मग तेच उलटं फिरतं आणि वाढत्या वेगाने पुन्हा होतं. इथे अभिनय नंतर, आधी तालाच्या मात्रा. पडण्याची दिशा चुकली की पुढच्या टोळीची वाट अडते. तालमीत आधी उलटा क्रम पक्का करावा, सुलटा आपोआप बसतो.

शेवटचं गाणं 'लेट द सनशाइन इन' हसत गाणारे कलाकार मला पटत नाहीत. व्हिएतनामला पाठवलेल्या क्लॉडचा देह समोर आहे आणि ही विनवणी चाललीय. हसू नंतर, प्रेक्षक नाचायला वर येतात तेव्हा. त्यांना एकाच जिन्याने वर घ्यावं, दुसऱ्याने उतरवावं, बँडच्या केबलवर रबरी पट्टी टाकावी आणि ट्राइबमधले चार जण रंगमंचाच्या कडेला, तोंड नाचणाऱ्यांकडे करून उभे ठेवावेत.