बाजार डे, आणि गेटवरून उठवलेल्या आजी

आज धाकट्याच्या शाळेत 'बाजार डे' होता. वर्गावर्गात टेबलं, टेबलांवर भेळ, सरबत, घरून आणलेली मेथी-कोथिंबीर, आणि फोटोच फोटो. छान. पण शाळेच्या गेटबाहेर वर्षानुवर्षं बोरं, चिंचा, आवळे घेऊन बसणाऱ्या आजींना सकाळीच तिथून उठवलं होतं. पाहुणे येणार, गेट मोकळं दिसलं पाहिजे म्हणून! वॉचमनला बोल लावत नाही, त्याला वरून निरोप आला होता. आजी पलीकडच्या टपरीमागे उन्हात टोपली घेऊन बसल्या होत्या. पोरांना त्या दिसतही नव्हत्या.

अहो, पोरांना बाजार दाखवायचाय ना? मग जी बाई रोज खरा बाजार मांडते तिलाच कशाला हटवलंत?

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत निघालेलं सामान घेऊन आम्ही मुलांसकट पुण्याच्या जुन्या बाजारात बसलो होतो. मंगळवार पेठेतला, रविवारी आणि बुधवारी भरतो तो. तिथे वाटेल तिथे पथारी पसरता येत नाही, ज्याची त्याची जागा ठरलेली असते. जुनी हत्यारं विकणारे एक काका माझ्या बाबांच्या ओळखीचे. त्यांनी आपल्या पाने-पकडींच्या शेजारी चादरीपुरती जागा करून दिली. धाकट्याची छोटी सायकल, मिक्सरची भांडी, टेबल लॅम्प, कंपासपेट्या आणि एक रिमोटची गाडी, एवढाच माल.

पहिल्याच गिऱ्हाइकाने गाडी उचलली. "चालते का रे?"

"चालते, पण डावीकडे वळत नाही," धाकटा म्हणाला.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "घ्या ताई, पोरगं खरं सांगतंय." आणि गेली की गाडी! थोडे कमी करून गेली, पण भवानी झाली. काकांनी त्याला ते पैसे कपाळाला लावायला सांगितले. म्हणाले, "बाळा, खोट आधी सांगितली की माल परत येत नाही."

शाळेच्या बाजारात हे कुठून येणार? तिथे गिऱ्हाईक म्हणजे आई-बाबा आणि वर्गाच्या बाई. सगळा माल खपणार हे आदल्या दिवशीच ठरलेलं. कुणी नको म्हणत नाही, कुणी वस्तू उलटीपालटी करून टाकून देत नाही. सुट्ट्या पैशांचा हिशेब येतो, मान्य. बाईंनी आठवडाभर राबून सगळी मांडामांड केली, तेही मान्य.

माझं आजोळ गोव्यात, म्हापशाजवळ. शुक्रवारच्या बाजाराला मामी मयडे गावच्या केळ्यांचे घड घेऊन निघाली की आम्ही पोरं मागोमाग. पिशवी धर, सुट्टे घेऊन ये, शेजारीण पाणी प्यायला गेली की तिच्या मालावर लक्ष ठेव. त्याला कुणी उपक्रम म्हणत नसे. जुन्या बाजारातही काका डबा खायला गेले तेव्हा त्यांची हत्यारं माझ्या थोरलीने सांभाळली. दोन पाने विकलेसुद्धा, काकांनी सांगून ठेवलेल्या भावात. ओळख सकाळची, आणि भर दुपारी माणूस आपलं दुकान तुमच्या पोरीच्या हवाली करतो!

त्यानंतर एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचे कपडे, शिकलेसवरलेले. लॅम्प पाहिला, वायर ओढली आणि थोरलीला विचारलं, "काय गं, चोरीचा नाही ना?" मग घासाघीस. ती करावीच, बाजार आहे. पण सौदा ठरल्यावर तिने हात पुढे केला, आणि त्यांनी नोटा तिच्या हातात न देता चादरीवर टाकल्या. अकरा वर्षांची पोर. वाकून वेचल्या तिने. घरी येईपर्यंत गप्प. रात्री जेवताना म्हणाली, "आई, मी हात पुढे केला होता."

आत्ता हे लिहितानाही मला तितकाच राग येतोय.

आमचं पोट त्या चादरीवर नव्हतं, हे मला कळतं. काहीच खपलं नसतं तरी रात्री ताटात जेवण होतंच. हौस केलीत, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा. पण तेव्हापासून ती भाजीवाल्या मावशींना पैसे हातात देते, त्यांनी सुट्टे परत दिले की तेही हातात घेते. मी शिकवलेलं नाही.

आणि गेटवरच्या आजींचंही पोट त्या टोपलीवर आहे. 2014 साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झालाय. महापालिकेलाही विक्रेत्याला जागेवरून हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहराच्या विक्रेता समितीत निदान 40 टक्के सभासद विक्रेत्यांचेच असावे लागतात, त्यांत एक तृतीयांश बायका. आणि शाळा एका निरोपावर म्हाताऱ्या बाईला उन्हात पाठवते? शाळा सुटताना गेटवर गाड्यांची कोंडी होते, ठीक आहे. पण ती कोंडी आपल्या चारचाकींची असते, आजींच्या टोपलीची नव्हे!

मी सोमवारी मुख्याध्यापिकांना भेटायला जाणार आहे. एकच मागणी: पुढच्या वर्षी पहिलं टेबल आजींना द्या, सावलीत, आणि पोरांना त्यांच्या शेजारी बसवा. वाटा कसा लावायचा, मूठभर बोरं वर कशी टाकायची, हे त्याच शिकवतील. पालकांपैकी कोण कोण येतंय सोबत? साडेनऊला गेटवर भेटू.