ईसॉपच्या खर्चात म्हणे मॅनेजमेंटचा हात नसतो!

गुंतवणूकदारांत फिरणारा दावा असा: ईसॉपचा, म्हणजे कर्मचाऱ्यांना दिलेल्या स्टॉक ऑप्शनचा (ठरलेल्या भावात कंपनीचे शेअर पुढे घेण्याच्या हक्काचा) खर्च ब्लॅक-शोल्स या ऑप्शनचं मूल्य काढणाऱ्या सूत्रातून निघतो, ऑडिटर तो तपासतो, चुकला तर पुढे दुरुस्त होतो, नियमही आता कडक आहेत आणि रोख तर जातच नाही. सबब मॅनेजमेंटला त्यात ढवळाढवळ करायला वावच नाही.

"सूत्र ठरलेलं आहे." असेल, पण त्यात काय भरायचं ते ठरलेलं नाही. लिस्टेड कंपनीत शेअरचा भाव, एक्सरसाइज किंमत (ज्या भावात कर्मचाऱ्याला शेअर घेता येतो) आणि जोखीममुक्त व्याजदर यांवर फारसा वाद होत नाही. शेअर पुढे किती वरखाली होईल (व्होलॅटिलिटी) आणि कर्मचारी सरासरी किती वर्षांनी ऑप्शन वापरतील (मुदत), हे अंदाज मात्र कंपनीचे असतात. समजा भाव 100, एक्सरसाइज किंमतही 100, व्याजदर 7 टक्के, लाभांश शून्य. व्होलॅटिलिटी 50 टक्के आणि मुदत 5 वर्षं धरली तर एका ऑप्शनचं मूल्य 52 च्या थोडं वर येतं. व्होलॅटिलिटी 30 टक्के केली की ते 40 वर उतरतं. मुदतही 3 वर्षं केली की साडेएकोणतीस. ऑप्शन तोच, आणि खर्चात पावणेदोनपट फरक! भूतकाळातली किती वर्षं मोजायची, त्यातला खळबळीचा काळ वगळायचा का, नवी कंपनी असेल तर तुलनेला कोणत्या कंपन्या घ्यायच्या, हे सगळं आधी मॅनेजमेंटच्या टेबलावर ठरतं.

"ऑडिटर असतो ना." असतो. पण तो अंदाज वाजवी आहे का एवढंच पाहतो, आणि वाजवी अंदाज एकच नसतो. आयएफआरएस 2 हे अशा ऑप्शनच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा अशा अंदाजांची एक रेंज असू शकते हे मान्य करतं.

"चुकलं तर पुढे दुरुस्त होतं." हा सगळ्यात मोठा गैरसमज. शेअर्समध्येच फेडायच्या ऑप्शनचं मूल्य ग्रँटच्या (ऑप्शन दिल्याच्या) दिवशी एकदाच ठरतं. नोकरीची अट पूर्ण न करता किती जण सोडून गेले, त्यानुसार ऑप्शनची संख्या बदलते, पण दर ऑप्शनचं मूल्य तेच राहतं. शेअर प्रत्यक्षात 50 टक्क्यांनी हेलकावला म्हणून 30 चा अंदाज कुणी परत उघडत नाही.

"नियम कडक आहेत." अमेरिकेत डिसेंबर 2004 मध्ये एफएएस 123 आर हे हिशेबाचं मानक आलं आणि ऑप्शनचा खर्च दाखवणं सक्तीचं झालं. ते लागू होण्याआधी, 2005 मध्ये, अनेक कंपन्यांनी एक्सरसाइज किंमत बाजारभावापेक्षा जास्त असलेल्या ऑप्शनचं व्हेस्टिंग (वापरण्याचा हक्क पक्का होणं) घाईघाईने पूर्ण करून टाकलं. व्हेस्टिंग होईपर्यंत पुढच्या वर्षांत विभागला गेला असता तो खर्च त्यामुळे नफा-तोटा पत्रकात आलाच नाही. यात बेकायदा काही नव्हतं. मुद्दा तोच आहे.

"रोख जात नाही." जुन्या भागधारकाचा हिस्सा घटतो, आणि ती घट भरून काढायला बायबॅक केला (कंपनीने स्वतःचेच शेअर विकत घेतले) तर रोखही जाते. शिवाय हा खर्च वगळून "अ‍ॅडजस्टेड" नफा मिरवायचा की नाही, हेही मॅनेजमेंटच ठरवते.

अंदाज बदलला म्हणजे लबाडी झालीच, असं मात्र नाही. कंपनीचा धंदा खरोखरच स्थिरावला असेल, तर जुनी व्होलॅटिलिटी तशीच ठेवणं चूक ठरेल, आणि ते बाहेरच्यापेक्षा आतल्या माणसाला आधी कळतं. म्हणून हिशेबाच्या टिपांमध्ये व्होलॅटिलिटी आणि मुदत ही दोनच कलमं गेल्या वर्षाशी ताडून बघा. दोन्ही एकाच वर्षी खाली आली असतील आणि कारण दिलेलं नसेल, तर तो प्रश्न थेट कंपनीला विचारा.