दूध लावलंत का?

सकाळपासून माझा प्रोग्रॅम एक अक्षर छापत नव्हता आणि एररही देत नव्हता. अकरा वर्षं जावा लिहितोय हो मी. पण टीमचं ठरलं की आता सगळ्यांनी रिअॅक्टिव्ह, म्हणजे डेटा येईल तसतसं काम करणारं प्रोग्रॅमिंग शिकायचं, म्हणून आरएक्सजावा या त्यासाठीच्या लायब्ररीतला पहिला नमुना घेतला, इंटरव्हलने दर सेकंदाला एक आकडा सोडायचा आणि तो छापायचा. चार ओळी! रन केलं की खाली येतं, 'प्रोसेस फिनिश्ड विथ एक्झिट कोड 0'. म्हणजे सगळं छान झालं, फक्त काहीच झालं नाही. अरे, निदान शिव्या तरी घाल.

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीहून आलेत. बायकोने टीव्ही, मोबाईल बंद केल्यामुळे उरलेल्या एका डोळ्याने माझी स्क्रीन बघणं हाच त्यांचा कार्यक्रम.

"काय अडलंय?"

"बाबा, हा ऑब्झर्वेबल. दर सेकंदाला आकडा पाठवतो. म्हणजे पाठवायला पाहिजे."

"दूधवाला म्हणा की. मग दूध लावलंत का?"

मी मोठ्यांदा हसलो आणि मग कोड बघितला. इंटरव्हल होता, मॅप होता, डू-ऑन-नेक्स्टमध्ये छपाई होती, सबस्क्राईब, म्हणजे 'मला पाठव' सांगणारी ओळ, नव्हती. सबस्क्राईब नाही तर काहीच सुरू होत नाही. आयडीईने, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरने, ती ओळ पिवळी करून इशारा दिला होता म्हणा, पण माझं पिवळं काय कमी असतं?

सबस्क्राईब टाकलं. एक्झिट कोड 0.

"आता लावलंय हो दूध!"

"घरात आहे का कोण? दूध लावायचं आन् कुलूप घालून गावाला जायचं, तो काय भिंतीवर ओतंल?"

आणि खरंच तसंच होतं. इंटरव्हल मुख्य कामापासून वेगळ्या, दुसऱ्या थ्रेडवर चालतो, तो डेमन, म्हणजे त्याच्यासाठी कोणी थांबत नाही, मेन हे मुख्य काम संपलं की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, दुकान बंद करतं. शेवटी मेनला पाच सेकंद थांबवायला थ्रेड स्लीप 5000 टाकलं तेव्हा कुठे 0, 1, 2, 3 आले. 4 कधी येतो, कधी नाही, कारण तोही बरोबर पाचव्या सेकंदालाच दारात.

"पहिल्याच दिवशी शून्य लिटर? गवळी बदला."

हे सगळं एका वाक्यात सांगायला काय जात होतं या आरएक्सजावावाल्यांचं? मी तासभर त्यांचे मार्बल डायग्राम बघत बसलो होतो, रंगीत गोट्या आणि बाण. गोट्या आम्ही चौथीतच सोडल्या.

रात्री स्पीकरवर सांगलीला फोन चालू होता. "अगं, आराम कुठला? आज जावईबापूंच्या कंपनीचं काम केलं."