वाकलेली फळी म्हणजे भंगार नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळ कुणीतरी पुस्तकांचे एक रॅक टाकून दिलेले दिसले. खोक्यातून सुटे भाग येतात आणि घरी एलन की फिरवून ते जोडायचे असतात, त्या प्रकारचे. मधल्या दोन फळ्या वाकलेल्या, पाठीचा पातळ हार्डबोर्ड खाचेतून निसटलेला, तळाची पट्टी पाणी लागून फुगलेली. दोन्ही उभ्या बाजू आणि जोडणीचे सगळे सामान मात्र शाबूत. तीन दिवस ते तिथेच पडून होते, कारण असा माल भंगारवाला उचलत नाही. लाकडाचे बारीक तुकडे युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदात दाबून केलेला तो पार्टिकल बोर्ड जळणात घालणेही योग्य नाही, त्याचा धूर घातक असतो. अर्ध्या दिवसाच्या कामाने ते रॅक पुढची दहा वर्षे उभे राहिले असते, असे मला ठामपणे वाटते, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

माझ्या ठाण्याच्या घरी अशी दोन रॅक २०१६ पासून आहेत. फळी ८० सेंटीमीटर लांब आणि १५ मिलिमीटर जाड. तिसऱ्या पावसाळ्यानंतर शब्दकोशांची फळी मध्ये खाली आली. दोन टोकांना दोरा ताणून मोजले, तेव्हा वाक १४ मिलिमीटर भरला; त्या फळीवरची पुस्तके वजनकाट्यावर घातली, तर २७ किलो. विक्रेत्याकडे सुटी फळी मागितली असता ती मिळत नाही, नवे रॅक घ्यावे, असे उत्तर आले. ओळखीच्या सुतारमिस्त्रींनी येऊन पाहिले आणि म्हणाले, “ताई, ह्यात स्क्रू धरत नाही. प्लायचं नवीन करून देतो.” त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. भोक एकदा सैल झाले की त्याच भोकात पुन्हा स्क्रू पिळून उपयोग होत नाही. पण दुरुस्ती म्हणजे स्क्रू पिळणे एवढेच नसते.

फळी का वाकते हे समजले की उपाय आपोआप सुचतो. वजन सारखे पसरलेले असेल तर फळीचा वाक तिच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो आणि जाडीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. १६ मिलिमीटरच्या जागी १८ मिलिमीटरची फळी घेतली तर ताठपणा सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. पण आधारांमधले अंतर निम्मे केले, तर हिशेबाने वाक सोळाव्या हिश्श्यावर येतो. शिवाय पार्टिकल बोर्ड सततच्या वजनाखाली वर्षानुवर्षे हळूहळू खचत राहतो, आणि हवेतली ओल त्यात भर घालते. फळी उलटी करून बसवण्याचा उपाय पुष्कळ जण सांगतात. तो काही महिने चालतो. त्यानंतर फळी दुसऱ्या बाजूने वाकू लागते, कारण लांबीही तीच असते आणि जाडीही तीच.

म्हणून मी पहिले काम केले ते मधल्या आधारांचे. प्लायवूडच्या दुकानातून १८ मिलिमीटर प्लायचे तुकडे दोन फळ्यांमधल्या उंचीच्या नेमक्या मापाने कापून आणले आणि प्रत्येक कप्प्याच्या मधोमध उभे बसवले. यात एक गोष्ट चुकवून चालत नाही: हे तुकडे सर्व कप्प्यांत बरोबर एकाखाली एक आले पाहिजेत आणि सर्वांत खालच्या फळीखालीही एक तुकडा जमिनीला टेकला पाहिजे. मधल्या एकाच कप्प्यात आधार दिला, तर वरचे सगळे ओझे खालच्या फळीच्या नेमक्या मध्यावर, म्हणजे तिच्या सर्वांत दुबळ्या जागी, जाऊन पडते. मोठ्या आकाराचे ग्रंथ आडवे ठेवायचे असल्यामुळे ज्या कप्प्यात मध्ये आधार नको होता, त्या फळीच्या पुढच्या कडेला सागवानाची १८ मिलिमीटर जाडीची आणि ४० मिलिमीटर उंचीची पट्टी उभी लावली. त्याआधी कडेचा प्लास्टिकचा एज बँड इस्त्रीच्या उष्णतेने सोडवून काढला, कारण फेविकॉल कच्च्या बोर्डात मुरतो, गुळगुळीत आवरणावर धरत नाही. फळी रात्रभर उलटी ठेवून वर वजन ठेवले, सरळ झाल्यावर पट्टी क्लॅम्पने आवळली आणि पूर्ण एक दिवस हात लावला नाही. कडेतले स्क्रू गोंद सुकेपर्यंत पट्टी धरून ठेवण्यापुरतेच असतात. पुढे सगळा भार गोंद आणि लाकूड मिळून घेतात.

याहूनही जास्त दुर्लक्ष होते ते पाठीकडे. तीन मिलिमीटरचा तो हार्डबोर्ड भिंत झाकण्यासाठी असतो, अशी समजूत आहे, आणि पुष्कळ घरांत तो लावलेलाच नसतो. वास्तविक रॅक एका बाजूला कलू न देणारा तो एकमेव भाग आहे. उभ्या-आडव्या फळ्यांची चौकट कोपऱ्यांतल्या कॅम लॉकवर, म्हणजे पिळून फळ्या जोडणाऱ्या गोल खिळींवर, उभी असते आणि ढकलली की तिरपी होते. पाठ घट्ट बसलेली असेल तरच ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहते. माझे एक रॅक डावीकडे झुकले होते आणि मी दोन वर्षे कॅम लॉकच आवळत राहिले. शेवटी जुनी पाठ काढली, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे करून घेतले आणि ६ मिलिमीटरचे प्लायवूड दर १५ सेंटीमीटरवर स्क्रू देऊन बसवले. त्या दिवसापासून रॅक हललेले नाही.

सैल भोकांबद्दल मिस्त्रींचे म्हणणे बरोबर होते, हे पुन्हा नमूद करते. फाटलेले भोक १० मिलिमीटरच्या ड्रिलने स्वच्छ मोठे करावे, त्यात फेविकॉल लावून टणक लाकडाची खुंटी ठोकावी, २४ तास सुकू द्यावी आणि मग त्या खुंटीत बारीक भोक पाडून स्क्रू घालावा. काडेपेटीच्या काड्या भरण्याची युक्ती बिजागरीच्या लहान स्क्रूला पुरते. पुस्तकांचे वजन पेलणाऱ्या जोडाला ती पुरत नाही.

फुगलेली कड मात्र पूर्ववत होत नाही. पाणी शिरल्यावर दाबलेले तुकडे पसरतात आणि सुकल्यावर ते पुन्हा बसत नाहीत. आमच्याकडे हे नुकसान पावसापेक्षा रोज लादी पुसण्याने अधिक झाले. तळाची पट्टी काढून तिथे मरीन प्लायची, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडची, पट्टी घातली, कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात दिले, खाली प्लास्टिकचे पाय ठोकले आणि रॅक बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे घेतले. भिंतीला मात्र ते वरून लोखंडी पट्टीने बांधलेले आहे, आणि लहान मुले असलेल्या घरात तर ही पट्टी सर्वांत आधी लावावी. उभ्या बाजूच भोकांच्या ओळीत चिरल्या असतील किंवा वाळवी आत गेली असेल, तर मात्र दुरुस्तीचा आग्रह धरू नये. माझ्या एका रॅकला एकूण २,००० रुपयांच्या आसपास खर्च आला.

एक मत स्पष्टपणे मांडायचे आहे. सुट्या भागांच्या फर्निचरची कल्पना वाहतुकीच्या सोयीतून पुढे आली. १९५६ मध्ये स्वीडनच्या आयकिया या फर्निचर कंपनीत गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल गाडीत मावावे म्हणून त्याचे पाय सोडवले, ही हकिगत प्रसिद्ध आहे. जी वस्तू मुळात सोडवता येण्यासाठीच घडवली आहे, तिचा एक भाग बदलणे सर्वांत सोपे असायला हवे. तरीही सुटी फळी मागणाऱ्या ग्राहकाला नवे रॅक घ्यायला सांगितले जाते. केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखताना शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे धरली; फर्निचरला त्यात स्वतंत्र स्थान नाही. ते मिळावे, असे मला वाटते. निदान खोक्यावर बोर्डाची जाडी, एका फळीला पेलणारे वजन आणि सुटे भाग किती वर्षे मिळतील हे छापणे सक्तीचे व्हावे. २७ किलो ही काही अवाजवी अपेक्षा नव्हती; पुस्तकांच्या रॅकवर पुस्तकेच ठेवली होती.

माझ्याकडे चार लांब क्लॅम्प आणि १० मिलिमीटरचे ड्रिल आहे. ठाण्यात कुणाला रविवारच्या कामासाठी हवे असेल तर कळवावे. मात्र पट्टी लावायची असेल तर क्लॅम्प सोमवार संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यावेत, गोंदाला तेवढा वेळ लागतो.