जाड ग्रिप, बधिर बोटं आणि लॉक-ऑनची 'जाहिरात': चाकफेरी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

चाकफेरी, एवढी लांब प्रतिक्रिया टाकलीत त्याबद्दल आधी आभार. चिडून लिहिलीय हे दिसतंय, पण मुद्दे आहेत त्यात, म्हणून दोन ओळीत वाटेला लावण्यापेक्षा सविस्तरच लिहितो. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: माउंटन बाइकच्या ग्रिपवरचा, म्हणजे हँडलच्या टोकांवर हात धरायला असतं त्या रबराच्या किंवा फोमच्या आवरणावरचा, माझा लेख वाचून यांचं म्हणणं असं की ग्रिपचं एवढं कौतुक म्हणजे निव्वळ खूळ, यांनी मिळते त्यातली सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ, ३४ मिलिमीटरची फोमची ग्रिप घातली तरी तासाभरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतंच, वर लेखात लॉक-ऑनची (रिंग आणि स्क्रूने आवळायच्या ग्रिपची) जाहिरात केलीय, हेअरस्प्रे मारून स्लिप-ऑन (नुसती सरकवून बसवायची ग्रिप) बसवता येते त्याला ते लोखंडाचं लोढणं कशाला. आणि जाता जाता हेही लिहिलंय की ओलं झालं की उजवी ग्रिप जरा फिरते, "पण तेवढं चालतं".

ते "तेवढं चालतं" आधी घेतो, कारण बाकी सगळं आरामाचं आहे आणि हे दात पडायचं आहे.

उतारावर आपण पेडलवर उभे असतो, एक बोट ब्रेकवर, उरलेली तीन बोटं आणि अंगठा एवढ्यावरच हँडल धरलेलं असतं. पुढचं चाक दगडावर आपटलं की हँडल हातातून ओढलं जातं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण मूठ जोरात आवळतो. ग्रिप तेव्हा स्कूटरच्या अ‍ॅक्सिलरेटरसारखी फिरली तर तळहात पुढे घसरतो, मनगट मोडतं, आणि ब्रेकवरचं बोट एकतर लिव्हर नको तेवढी दाबतं नाहीतर लिव्हरवरून सुटतं. सपाट रस्त्यावर हे कळणारही नाही, म्हणूनच "चालतं" असं वाटतं. सायकलींसाठी जे आयएसओ ४२१० नावाचं सुरक्षा मानक आहे त्यात ग्रिप थंडीत आणि गरम पाण्यात ठेवून मग ओढून निघते का हे तपासतात, म्हणजे ओल्या, ढिल्या ग्रिपची काळजी करणारा मी एकटाच नाही.

आता हेअरस्प्रे. तो चालतो, लेखातही तसंच लिहिलं होतं. ओला असताना तो वंगणाचं काम करतो, ग्रिप सरकन आत जाते, आणि वाळला की चिकट थर राहतो. पण जो थर केसातून पाण्याने धुऊन निघावा म्हणून बनवलाय तो हँडलवर पाण्याला कसा काय दाद देणार नाही? ओल्यात तुमची ग्रिप फिरते ती बहुतेक याचमुळे. ग्रिपच्या टोकातून किंवा ब्रेकच्या बाजूने पाणी आत शिरतं, घाम शिरतो, थर सैल पडतो. त्यापेक्षा जुना थर पूर्ण काढा, हँडलचा पाइप आणि ग्रिपची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग तेच थोडं आत सोडून ग्रिप चढवा, ते उडून जातं आणि मागे काही ठेवत नाही. रात्रभर सायकलला हात लावू नका. ग्रिपची पकड ही मुळात ग्रिपचं भोक पाइपपेक्षा किंचित लहान असल्यामुळे येते, चिकटवल्यामुळे नाही, तेव्हा भोक सैल झालेल्या जुन्या ग्रिपला कितीही स्प्रे मारा, ती फिरणारच. रबराच्या स्लिप-ऑनवर बारीक तार आवळून गाठ मारायची जुनी रीत आहे, मोटोक्रॉसवाले आजही तसं करतात, तीही उत्तम, फक्त तारेचं टोक वळवून रबरात खुपसा, नाहीतर ग्लोव्ह फाटतो. साबण, तेल, साखळीला मारायचा स्प्रे यातलं काहीही ग्रिप चढवायला वापरू नका, हे लिहायची गरज पडू नये पण पडते.

लॉक-ऑनची जाहिरात म्हणालात. बरं, मग तिचे दोषही सांगतो, म्हणजे फिटंफाट. लॉक-ऑनमध्ये आत कडक प्लास्टिकची नळी असते, तिच्यावर रबर ओतलेलं, आणि टोकाला अ‍ॅल्युमिनिअमची रिंग जी अ‍ॅलन कीने आवळायची. म्हणजे त्याच बाहेरच्या जाडीत रबर कमी मिळतं कारण जागा प्लास्टिकने खाल्लेली असते, म्हणून ती हाताला कडक लागते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. वजनही जास्त, सिलिकॉन फोमची जोडी ५०-६० ग्रॅममध्ये मिळते आणि लॉक-ऑनची सहज १०० च्या आसपास जाते. शिवाय दोन्ही टोकांना रिंग असलेली घेतलीत तर बाहेरची रिंग नेमकी तळहाताच्या करंगळीकडच्या कडेखाली येते, ज्यांना हात अगदी टोकाला ठेवायची सवय आहे त्यांना ती टोचत राहते. म्हणून मी फक्त आतल्या बाजूला एक रिंग असलेली सुचवतो. एवढे दोष असून का सुचवतो, तर ती पाण्यात फिरत नाही, आणि ब्रेक किंवा शिफ्टर (गिअर बदलायची कळ) काढायचा तर दोन मिनिटात निघते आणि परत तशीच बसते. हे दुसरं कारण वाचायला किरकोळ वाटतं पण पुढे लिव्हर हलवायचा विषय येणार आहे तेव्हा कळेल.

एक बघून ठेवा मात्र. लॉक-ऑनच्या रिंगला जिथे चीर असते तिथे स्क्रू पूर्ण आवळल्यावरही थोडी फट दिसली पाहिजे. फट पूर्ण मिटली असेल तर स्क्रू घट्ट लागतोय पण रिंग पाइपला धरतच नाहीये, तो घट्टपणा खोटा. आणि आवळायचा जोर रिंगवर छापलेला असतो त्याहून जास्त नको, कार्बनच्या हँडलवर तर अजिबातच नको.

आता बधिर बोटं. इथे तुमचं आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी झालंय. जाड म्हणजे मऊ आणि मऊ म्हणजे आराम हे गणित दुकानात ग्रिप अंगठ्याने दाबून बघताना पटतं, हातात धरून उतारावर गेलं की मोडतं. हिशोबच करू. माउंटन बाइकच्या हँडलचा पाइप ग्रिपच्या जागी २२.२ मिलिमीटरचा, मग मध्ये स्टेमपाशी (हँडल सायकलला धरून ठेवणारा तुकडा) तो ३१.८ असो की ३५. ३० ची ग्रिप घातली तर पाइपवर ३.९ मिलिमीटरचा थर येतो, ३४ ची घातली तर ५.९ चा. म्हणजे एवढा आटापिटा करून हाताखाली मऊ थर किती वाढला, तर २ मिलिमीटर. आणि मुठीला काय मोजावं लागलं? ३० चा परीघ साधारण ९४ मिलिमीटर, ३४ चा १०७. सव्वा सेंटिमीटर जास्त गुंडाळायचं, तेही प्रत्येक सेकंदाला, धक्के खात. फोम दाबला जाऊन बारीक होतो असं म्हणाल, होतो की, पण तो दाबून धरायला ताकद तुमचीच जाते. बोटं पुरत नाहीत म्हणून तुम्ही आवळता, आवळलं की हाताचा पुढचा भाग भरून येतो, भरून आला की पकड जाते म्हणून अजून आवळता. मोठ्या पंजाच्या माणसाला हीच ३४ ची ग्रिप सुखाची असते, त्याला ३० ची दिली तर बोटं तळहातात रुततील आणि तोही विनाकारण आवळत बसेल. ग्रिपमध्ये वाईट काही नाही, ती तुमच्या मापाची नाही. तुम्हीच लिहिलंय की ग्लोव्ह मीडियम लागतात.

माप बघायची सोपी रीत आहे, ग्लोव्ह घालूनच बघायचं कारण ग्लोव्हचं कापडही जाडीत मोजलं जातं: नेहमीसारखी मूठ धरा, ब्रेकवर एक बोट ठेवा, मग मधल्या बोटाचं टोक अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा असतो त्याला जेमतेम टेकलं पाहिजे. रुतत असेल तर ग्रिप बारीक आहे, मध्ये चांगली फट राहत असेल तर जाड. काही कंपन्या एकच ग्रिप दोन जाडीत काढतात, उदाहरणार्थ डीएमआरची डेथग्रिप, एर्गॉनच्याही बऱ्याच ग्रिप स्मॉल आणि लार्ज अशा येतात, ते उगाच नाही.

पण जाडी दुरुस्त केली तरी करंगळीचं दुखणं तेवढ्याने जाईलच असं नाही. करंगळी आणि अनामिका बधिर होणं हे अल्नार नावाच्या नसेचं काम, ती मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूने गायॉन कॅनल नावाच्या खोबणीतून तळहातात येते आणि तिथे ती कातडीच्या बरीच जवळ असते, अंगाचं वजन हँडलवर पडलं की सरळ चेंगरते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर गोष्ट वेगळी, ती मीडियन नर्व्ह, ती मनगटातल्या कार्पल टनेल नावाच्या बोगद्यातून जाते आणि मनगट बराच वेळ मोडलेलं राहिलं की कुरकुरते. म्हणून नुसतं "बोटं बधिर होतात" असं न सांगता कोणती ते तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत, निम्मं निदान त्यातच झालं. तळहाताच्या बाहेरच्या कडेवर वजन येतंय. का येतंय ते शोधायचं. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत बसतो, हे कारण इतकं साधं आहे की कोणी बघतच नाही. टायरमध्ये हवा दगडासारखी भरली असेल तर जे धक्के टायरने खायचे ते तळहात खातो, तिथे ग्रिपचे ते २ मिलिमीटर काय करणार आहेत.

आणि लिव्हर. सीटवर बसून जास्त चालवत असाल तर बसून, उभं राहून जास्त चालवत असाल तर उभं राहून, ब्रेकवर बोट ठेवा आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. कोपरापासून बोटापर्यंत जवळपास सरळ रेघ दिसली पाहिजे. मनगट वरच्या बाजूला मोडलेलं दिसलं तर लिव्हर थोडी खाली फिरवा, खाली लोंबलेलं दिसलं तर वर. शिवाय लिव्हर आत-बाहेरही सरकते हे लोक विसरतात, बोट लिव्हरच्या टोकाच्या आकड्यात बसलं पाहिजे, आणि त्यासाठी हात ग्रिपवरून आत ओढावा लागू नये. हे सगळं दोन-चार वेळा कमीजास्त करून बघावं लागतं, आणि स्लिप-ऑन चिकटवून बसवलेली असली की माणूस पहिल्याच खेपेला कंटाळून सोडून देतो. (म्हणून म्हणालो होतो.)

पंखवाल्या ग्रिपबद्दल खाली अजून एकांनी विचारलंय, एर्गॉन जीपी१ सारख्या, ज्यांना बाहेरच्या कडेला मागे पसरट भाग असतो. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला तो आधार देतो, वजन पसरतं, बसून लांब जायला खरंच छान. फक्त अवघड उतारावर अंग पुढेमागे हलतं तसा हाताचा कोनही बदलतो आणि तो मोठा पंख मध्येच ढुशी मारतो, तिथे जीए३ सारखा छोटा पंख बरा. पंखाचा कोन चुकला तर नसलेलं दुखणं सुरू होतं: सीटवर बसून, रिंग सैल ठेवून, पंख तळहाताला नुसता टेकेल इथपर्यंत फिरवायचा आणि मग आवळायचा. तो तळहाताला वर ढकलत असेल तर जास्त झालं.

नक्षी, रंग वगैरेवर मी मुद्दाम कमी लिहिलं होतं, अजूनही जास्त लिहीत नाही. बोटांखाली खोल चौकटी असल्या की पकड चांगली बसते, मऊ रबर छान धरतं आणि लवकर झिजतं, एवढं पुरे. ग्लोव्ह न घालणाऱ्यांनी मात्र हाताला घाम किती येतो ते बघून घ्यावं, कारण गुळगुळीत ग्रिप ओल्या हातात साबणासारखी होते.

फोम ग्रिपवाल्यांना एक विनंती, टोकं तपासा. सायकल भिंतीला टेकवून, आडवी पाडून फोमचं टोक फाटतं आणि आतून पाइपची गोल धार उघडी पडते. पडताना ते टोक पोटात किंवा मांडीत घुसलं तर किती आत जातं त्याचे फोटो बघू नका. टोकाचा प्लग हरवला असेल तर नवीन बसवल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही.

शेवटी तुम्ही म्हणालात, फापटपसारा नको, घेऊ काय ते सांगा. आत्ता काहीच घेऊ नका. आहे तीच ग्रिप काढून, पुसून, अल्कोहोलने नीट बसवा, सीटचं नाक सरळ करा, लिव्हरचा कोन वर सांगितल्यासारखा लावा आणि काही दिवस चालवा. त्यानंतरही मूठ पुरत नाही असं वाटलं तर ३० ते ३१ मिलिमीटरची, आतल्या बाजूला एकच रिंग असलेली लॉक-ऑन घ्या, नाहीतर फोमच आवडत असेल तर ३० चा सिलिकॉन फोम घ्या, माझी काही हरकत नाही. आणि करंगळी सायकलवरून उतरल्यावरही तासन्‌तास मुंग्यांनी भरलेली राहत असेल, किंवा हातातून वस्तू सुटायला लागल्या असतील, तर ग्रिप राहू दे बाजूला, आधी डॉक्टरला हात दाखवा.