जुना लाइट मीटर केवळ वय पाहून मोडीत काढू नका

लाइट मीटर म्हणजे उजेड मोजून फिल्मवर तो किती पडू द्यायचा (एक्स्पोजर) ते सांगणारं उपकरण. फिल्मवर नव्याने फोटो काढू लागलेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: "हातात धरायचे जुने लाइट मीटर घेऊ नका. सेलेनियम उजेडाने झिजतं, त्यामुळे बिनबॅटरीचे सगळे मीटर एव्हाना मेलेत. बॅटरीवाल्यांचे पाऱ्याचे सेल आता मिळत नाहीत. डायलवरचे आकडे आजच्या फिल्मशी जुळत नाहीत. फोनवरचं ॲप पुरेसं आहे." यातल्या बहुतेक विधानांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच सल्ला पटतो. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि त्यापायी उत्तम चालणारे मीटर भंगारात जातात.

"सेलेनियम उजेडाने झिजतं." उजेड पडला की सेलेनियमची प्लेट अगदी थोडी वीज तयार करते आणि तिच्यावर काटा हलतो. या क्रियेत सेलेनियम खर्च होत नाही. प्लेट बिघडते ती प्रामुख्याने ओलाव्याने. दमट हवा आत शिरते, प्लेटवरचा धातूचा पातळ थर आणि तिला टेकलेले संपर्क गंजतात, मग प्रवाह घटतो. म्हणूनच वर्षानुवर्षं चामड्याच्या केसमध्ये अंधारात पडून असलेला मीटरही मेलेला निघू शकतो. चामडं ओल धरून ठेवतं.

मीटर मेला असं ठरवण्याआधी दोन गोष्टी पाहा. सेकोनिक कंपनीच्या स्टुडिओ मालिकेतल्या मीटरमध्ये कडक उन्हासाठी 'हाय स्लाइड' नावाची छिद्रांची पट्टी असते. ती खाचेत राहून गेली असेल तर खोलीत काटा हलतच नाही, कारण ती सुमारे ५ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) उजेड अडवते. वेस्टन मास्टरमध्ये मागचं जाळीचं झाकण बंद असेल तर तोच प्रकार होतो. दोन्ही वेळा मीटर धडधाकट असतो आणि 'बंद' म्हणून विकला जातो.

आता खरी तपासणी. प्लेट बोटांनी किंवा काळ्या कापडाने पूर्ण झाका. काटा शून्यावर येत नसेल तर शून्य जुळवायचा बारीक स्क्रू हलक्या हाताने फिरवा. मीटर आडवा आणि उभा धरून पाहा. काट्याची जागा बदलत असेल तर त्याचा तोल गेला आहे. मग एक साधी, न चमकणारी, सारखा उजेड पडलेली भिंत निवडा. आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) १०० लावून डिजिटल कॅमेरा आणि मीटर दोन्हींनी तोच भाग मोजा, आपली सावली भिंतीवर पडू न देता. असं चार ठिकाणी करा: उन्हातली भिंत, सावलीतली, खिडकीजवळची आणि खोलीच्या आतली. प्रत्येक ठिकाणी किती स्टॉपचा फरक पडतो ते कागदावर मांडा.

निर्णय त्या चार आकड्यांवर घ्यायचा. फरक सगळीकडे सारखा असेल, समजा मीटर प्रत्येक वेळी १ स्टॉप कमी उजेड दाखवतो, तर ४०० च्या फिल्मला डायलवर ८०० लावा आणि निर्धास्त वापरा. उन्हात फरक अर्धा स्टॉप आणि खोलीत २ असेल तर मात्र कोणतीही एक दुरुस्ती कामाची नाही. तो मीटर सोडून द्या. थकलेली प्लेट बहुधा उजेड कमी दाखवते, म्हणजे चूक जास्त एक्स्पोजरकडे झुकते. निगेटिव्ह फिल्म ती सहज पचवते. स्लाइड फिल्मला (जिच्यावर थेट खऱ्या रंगांतलं चित्र उमटतं) मात्र अर्ध्या स्टॉपची चूकही दिसते.

"पाऱ्याचे सेल मिळत नाहीत." हे खरं आहे, पण उपाय सोपा आहे. गोसेन लुनासिक्स ३ सारख्या सीडीएस (कॅडमियम सल्फाइडच्या, बॅटरीवर चालणाऱ्या) मीटरला १.३५ व्होल्टचे दोन पीएक्स ६२५ सेल लागत. त्या जागी अल्कलाइन सेल घालू नका. त्याचा व्होल्टेज सुरुवातीला सुमारे १.५ असतो आणि वापरात उतरत जातो, त्यामुळे आज जुळवलेला मीटर काही आठवड्यांनी वेगळंच वाचतो. कानाच्या यंत्रात वापरतात तो ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि तिथेच टिकून राहतो. तो व्यासाने लहान असल्याने भोवती रबरी रिंग लागते, आणि वरचा स्टिकर काढल्यावर काही मिनिटं थांबावं लागतं. एकदा उघडला की तो न वापरताही काही महिन्यांत वाळतो. ते नको असेल तर १.५५ व्होल्टचा सिल्व्हर ऑक्साइड सेल आणि व्होल्टेज उतरवणारा डायोड बसवलेला ॲडॅप्टर घ्या. सीडीएसची एक खोड लक्षात असू द्या: उन्हातून आत आल्यावर तो थोडा वेळ उजेड जास्त दाखवतो. लगेच मोजलंत तर फिल्म अंडरएक्स्पोज होईल.

"आकडे जुळत नाहीत." वेस्टन मास्टर २ वर वेस्टन रेटिंग, म्हणजे फिल्मच्या संवेदनशीलतेचं त्या कंपनीचं स्वतःचं माप, असतं. आयएसओ १०० साठी तिथे ८० लावा, ४०० साठी ३२०. डिन (जर्मन माप) असेल तर १०० म्हणजे २१, ४०० म्हणजे २७. विषय एवढाच आहे.

"ॲप पुरेसं आहे." वरच्या तपासणीत कॅमेऱ्याऐवजी ॲप जरूर वापरा. पण कॅमेऱ्यातून मोजणारं ॲप वस्तूवरून परतलेला उजेड मोजतं. पांढऱ्या भिंतीसमोरच्या माणसाला ते बरंच कमी एक्स्पोजर सांगतं आणि चेहरा काळवंडतो. सेकोनिक मीटरवरचा पांढरा घुमट माणसाच्या चेहऱ्याजवळ नेऊन कॅमेऱ्याच्या दिशेने धरला की माणसावर पडणारा उजेड मोजला जातो. मागची भिंत पांढरी की काळी याने फरक पडत नाही. ज्या मीटरला घुमट नाही त्याने मोजताना तो थोडा खाली झुकवा, आभाळ त्यात येऊ देऊ नका. आणि रात्री दिव्याच्या उजेडात सेलेनियमचा काटा तळाशीच राहतो. तिथे सीडीएस मीटर किंवा फोनच वापरा.