आयत्या बिळावर ड्रॅक्युला

धुक्यातला कडा, त्यावर छप्पर नसलेल्या भिंती, खिडक्यांच्या जागी नुसती भगदाडं आणि खाली फेसाळणारा समुद्र. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, एबरडीनच्या उत्तरेला क्रूडन बे गावाजवळ असलेल्या स्लेन्स किल्ल्याचा हा फोटो फिरत फिरत तुमच्यापर्यंतही आला असेल. सोबतचा मजकूर साधारण असा: 'राजाने सुरुंग लावून उडवलेला हा मध्ययुगीन किल्ला शतकानुशतकं ओसाड पडला आहे. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरने हे भग्न अवशेष पाहिले आणि त्याला ड्रॅक्युला सुचला.' दोन वाक्यांत एवढ्या चुका बसवायला कसब लागतं.

सुरुंग लागला हे खरं, पण दुसऱ्याच किल्ल्याला. एरलचा नववा अर्ल (अर्ल ही उमरावाची पदवी) फ्रान्सिस कॅथलिक बंडात सामील झाला, म्हणून स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९४मध्ये त्याचा किल्ला दारूने उडवला. तो जुना स्लेन्स. काही मैल दक्षिणेला, कॉलीस्टन गावाजवळ त्याचा एक तुकडा अजून उभा आहे. पुढे राजाची मर्जी परत मिळाल्यावर अर्लने नव्या जागी नवं घर बांधलं आणि नाव मात्र जुनंच ठेवलं. गोंधळ तिथून सुरू होतो.

म्हणजे फोटोतली वास्तू मध्ययुगीन नाहीच. मूळ बांधकाम सोळाव्या शतकाच्या अखेरचं, आणि आज दिसतं त्यातलं बरंचसं १८३०च्या दशकात अठराव्या अर्लने करवून घेतलेलं. किल्ला म्हणायचं ते रिवाजाने. तोवर तो समुद्रकाठचा ऐसपैस वाडाच झाला होता.

आता ओसाडपणा. हे घराणं तिथे १९१६पर्यंत होतं. त्या वर्षी विसाव्या अर्लने मालमत्ता विकली, ती जहाजसम्राट सर जॉन एलरमन यांनी घेतली आणि १९२५मध्ये छप्पर उतरवलं गेलं. त्या काळी स्कॉटलंडमध्ये बिनछपराच्या इमारतीवर स्थानिक कर बसत नसे, त्यामुळे असे कितीतरी वाडे मालकांनीच उघडे पाडले. एकदा पाऊस आत शिरला की भिंतींना भूतबाधेची गरज उरत नाही. स्टोकर वारला १९१२मध्ये. ज्या भग्न अवशेषांनी त्याला झपाटलं म्हणतात, ते त्याने जन्मात पाहिले नाहीत. त्याने पाहिलं ते नांदतं घर, डोक्यावर शाबूत छप्पर असलेलं.

राहिला ड्रॅक्युला. कादंबरीच्या टिपणांपैकी तारीख असलेली सगळ्यात जुनी टिपणं मार्च १८९०ची आहेत. ती आज फिलाडेल्फियात जपून ठेवलेली आहेत. त्या उन्हाळ्यात स्टोकर इंग्लंडमधल्या व्हिट्बीला होता. तिथल्या ग्रंथालयातल्या वालाकियाविषयीच्या (हा प्रांत आजच्या रुमानियात आहे) एका जुन्या पुस्तकात त्याला 'ड्रॅक्युला' हे नाव सापडलं. टिपणांत आधी 'काउंट वॅम्पायर' असं लिहिलेलं, मग ते खोडून नवं नाव घातलेलं दिसतं. क्रूडन बेला तो पहिल्यांदा गेला तो यानंतर. तेव्हा कल्पना स्लेन्सवरून सुचली म्हणणं म्हणजे मुंजीच्या दिवसालाच जन्मदिवस म्हणणं.

पण पोस्ट लिहिणाऱ्याच्या पदरात काहीच टाकू नये इतकाही मी कंजूष नाही. लंडनच्या लायसियम थिएटरची व्यवस्था पाहणारा स्टोकर पुढे सुटीत पुन्हा पुन्हा क्रूडन बेला येत राहिला आणि १८९७मध्ये आलेल्या कादंबरीतला काही मजकूर त्याने तिथे लिहिला असावा. काउंटच्या वाड्यात एक छोटी, बिनखिडकीची अष्टकोनी खोली आहे. स्लेन्सच्या मधोमध अष्टकोनी दालन होतं, आणि पडक्या भिंतींत ते आजही ओळखू येतं. हे साम्य योगायोगाचं म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. पण एक खोली उचलली म्हणजे अख्खी कादंबरी तिथे जन्मली असं होत नाही. खुद्द क्रूडन बेच्या परिसरात घडणारं कथानक त्याने वेगळं लिहिलंय, 'द मिस्टरी ऑफ द सी' या १९०२च्या कादंबरीत. तिला कोणी विचारत नाही.

भूतच हवं असेल तर या घरात ड्रॅक्युलाच्या शंभर वर्षं आधीचं एक आहे. ऑगस्ट १७७३मध्ये इंग्रजी कोशकार डॉ. सॅम्युअल जॉन्सन आणि त्यांचा चरित्रकार जेम्स बॉसवेल इथे पाहुणे होते. तेव्हाच्या अर्लचे वडील लॉर्ड किल्मार्नॉक. पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देण्यासाठी झालेल्या जॅकोबाइट बंडात भाग घेतला म्हणून १७४६मध्ये लंडनच्या टॉवर हिलवर त्यांचं मुंडकं उडवलं होतं. त्याच बंडातल्या कलोडनच्या लढाईत बाप बंडखोरांकडून आणि हा मुलगा सरकारकडून, असे दोघे समोरासमोर होते. बॉसवेलला रात्री झोप येईना. शेकोटीचा उजेड डोळ्यावर, बाहेर समुद्राचा घोष, आणि उशीत कुठल्याशा समुद्रपक्ष्याची पिसं, त्यांचा वास त्याला सोसेना. अशात डोळ्यांपुढे किल्मार्नॉक येऊन उभे राहिले आणि तो जरा टरकला. फार वेळ नाही, असं त्यानेच लिहून ठेवलंय. मग त्याला झोप लागली.